पान नंबर चौदा

अर्जात एकच प्रश्न होता. ‘तुमच्या ऑफिसने सन २०१२ मध्ये आम्हाला जे कागद दिले त्यात पान नंबर चौदावर एक काळी पट्टी आहे. त्या पट्टीखाली काय लिहिले आहे ते सांगावे.’ खाली सही होती, सुंदराबाई देवीदास चोपडे, डाबकी रोड, अकोला. कोर्ट फीचं तिकीट थोडं तिरकं लागलेलं, आणि सोबत त्या पानाची झेरॉक्स. अकोल्याच्या कार्यालयानं अर्ज अमरावतीच्या विभागीय कार्यालयाला पाठवताना वर टिपण जोडलं होतं, की हे कागद देणाऱ्या तत्कालीन माहिती अधिकारी सध्या आपल्या कार्यालयात आहेत, तरी उत्तर आपल्या स्तरावरून द्यावं. जयवंता खंडारेनं टिपण वाचलं, अर्ज वाचला. माहितीच्या अधिकाराचे अर्ज तिच्या टेबलावर रोज येत. लोक रस्त्याची माहिती मागत, भरतीची मागत, शेजाऱ्याच्या बांधकामाची मागत. पट्टीखालची माहिती वीस वर्षांत कुणी मागितली नव्हती. तिनं झेरॉक्स जवळ ओढली. चौकशी अहवालाचं टाइप केलेलं पान होतं. ‘सदर पत्र’ या शब्दांनंतर पट्टी, दोन बोटं लांब, कडा सरळ; आणि पुढं, ‘यांनी पाठविल्याचे दिसून येते. तथापि आवक नोंदवहीत ते निनावी म्हणून नोंदविले गेल्याने त्यावर कार्यवाही झाली नाही.’ पट्टी तिचीच होती. दुसऱ्या कुणाच्या पट्ट्या इतक्या सरळ नसत.

झाकणं हे तिचं काम होतं आणि ते तिला चांगलं येत असे. १९९५ साली अकोल्यात कनिष्ठ लिपिक म्हणून आवक-जावकच्या टेबलावर बसली तेव्हा तिला फक्त तारीख, क्रमांक आणि शिक्का एवढंच माहीत होतं. मग माहितीचा कायदा आला. साहेब लोक त्याला घाबरले, म्हणून आवकच्या टेबलासोबत कायद्याचं पुस्तकही तिच्याकडे ढकललं गेलं आणि तिनं ते पाठ केलं. काय द्यायचं, काय द्यायचं नाही, आणि देताना काय झाकून द्यायचं. पुष्कळ लोक नावावर एकदा मार्कर फिरवत आणि झेरॉक्स काढत, आणि उजेडात धरलं की नाव खालून दिसे. ती दोनदा काळं करायची आणि दोनदा झेरॉक्स काढायची. तिच्या हातून गेलेल्या कागदातून आजवर एक अक्षर फुटलं नव्हतं. पुढं कॉम्प्युटर आले, वेबसाइट आल्या, आधार नंबर आले. २०१६ ला बढतीवर अमरावतीला आल्यापासून विभागातल्या पाच जिल्ह्यांच्या माहितीची सुरक्षा तिच्याकडे होती. लाभार्थ्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर टाकू नका, पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवू नका, बाईचं नाव आणि मोबाइल नंबर एकाच कागदावर बाहेर जाऊ देऊ नका, हे ती हॉलमध्ये समोर बसलेल्या शंभर-शंभर माणसांना सांगायची. कागद हरवला तर चौकशी होते, कागद फुटला तर माणूस मरतो, असं ती प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटी म्हणायची आणि लोक ते वहीत लिहून घ्यायचे.

पण त्या दिवशी तिला पट्टीपेक्षा अर्जाकडेच पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं. अक्षर गोल होतं, शाळेतल्या मुलीचं असतं तसं. ओळी सरळ. वेलांटी मात्र अक्षराच्या वर जाऊन खूप मागं वळलेली, वाऱ्यानं ओढणी मागं जावी तशी. हे अक्षर तिनं पाहिलं होतं. सुंदराबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईचं हे अक्षर नसणार, कुणीतरी लिहून दिलं असणार, तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की ही वेलांटी तिच्या ओळखीची कशी. तिनं अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा काढला. संध्याकाळी इर्विन चौकातून घरी जाताना, रिक्षावरचं, दवाखान्यावरचं, स्वीट मार्टवरचं प्रत्येक पाटीचं अक्षर ती बघत गेली, आणि एका पाटीवर झाडाच्या फांदीची सावली अशी आडवी पडली होती की मालकाचं नावच दिसत नव्हतं. ती तिथं थांबली. फांदी हलली, तरी सावली हलली नाही असं तिला वाटलं. घरी ललित, तिचा नवरा, पेपर तपासत बसला होता. तो शाळेत गणित शिकवत असे. त्यानं वर न बघता विचारलं, "बोटाले काय लागलं?" तिनं पाहिलं. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या पेरावर काळा डाग होता. गेल्या कित्येक वर्षांत तिनं मार्कर हातात धरला नव्हता, आता सगळं पडद्यावरच झाकलं जाई. तिनं साबणानं हात धुतले. डाग गेला. पण पोळी मोडताना अंगठा तिला दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटत राहिला, आणि तिनं डाव्या हातानं जेवायला घेतलं तेव्हा ललितनं चष्म्यावरून बघितलं.

प्रकरण तिला आठवत होतं. तेवढं विसरण्यासारखं नव्हतंच. अकोल्यातल्या, त्याच कार्यालयाच्या अखत्यारीतल्या एका अनुदानित वसतिगृहात २०११ च्या ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या चार दिवस आधी, दहावीतली एक मुलगी पाणी भरताना मोटारीचा करंट लागून गेली. चौकशी झाली. चौकशीत निघालं, की मोटारीला करंट उतरतो असं पत्र तीन आठवडे आधीच कार्यालयात आलं होतं, पण ते निनावी होतं आणि निनावी तक्रारीवर कारवाई करायची नाही असा नियम होता, म्हणून ते दप्तरी दाखल झालं. रेक्टरबाई दुसरीकडे गेल्या, मोटार बदलली, अहवाल कपाटात गेला. मुलीच्या बापानं अहवालाची प्रत मागितली, ती जयवंतानं दिली, एकतीस पानं, पट्ट्यांसह. एवढं तिला सरळ आठवत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं अकोल्याला फोन करून मूळ अहवाल शोधायला सांगितलं. दुपारी उत्तर आलं: ‘क’ वर्गातला कागद, पाच वर्षं ठेवायचा, मार्च २०१८ ला नष्ट, मूळ पत्रही त्यातच, चौकशी अधिकारी नंतर वारले. म्हणजे जगात आता त्या पानाची एकच प्रत उरली होती, पट्टी असलेली, आणि ती सुंदराबाईंकडे होती.

मग तिनं खुशालरावांना फोन लावला. ते त्या वेळी तिचे अधीक्षक होते, निवृत्त होऊन अचलपूरला राहत होते. त्यांनी तब्येत विचारली, ललितची चौकशी केली, संत्र्याला यंदा भाव नाही म्हणाले. मग तिनं अर्जाचं सांगितलं.

"नष्ट झालं ना? मंग झालं," ते म्हणाले. "जे रेकॉर्डले नाई त्याची माहिती देता येत नाई. तुमीच तर आमाले शिकवत होत्या, खंडारेबाई."

"हो. पण नाव तुम्हाला आठवतं का, साहेब?"

पलीकडे पंख्याचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

"मले नाई आठवत," खुशालराव म्हणाले. "अन् तुमालेबी नाई आठवत."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. पूर्वी डिक्टेशन देत तसं सावकाश म्हटलं, तिनं उतरवून घ्यावं म्हणून. तिनं फोन ठेवला, उत्तर टाइप केलं, ‘मागितलेला अभिलेख विहित मुदतीनंतर नष्ट करण्यात आला असल्याने माहिती उपलब्ध नाही,’ प्रिंट काढली आणि सहीसाठी पेन उघडलं. डोक्यात असलेली माहिती ही कायद्यानं माहिती नव्हे, हे तिला खुशालरावांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. कागद, फाइल, नकाशा, ईमेल, सीडी, नमुना, सगळं कलमात होतं. आठवण नव्हती. तरी सही झाली नाही. कागद ड्रॉवरमध्ये गेला आणि उत्तराच्या तीस दिवसांच्या मुदतीतले दिवस मोजायला लागला. पाचवा, नववा, चौदावा. त्या दिवसांत तिला एक सवय लागली. वाचताना ती प्रत्येक नावाशी थांबायची आणि डोळे मिटून त्यावर पट्टी ओढायची, आणि डोळे उघडले की नाव तिथंच असायचं, आणि तिला त्याची भीती वाटायची. एका प्रशिक्षणात ‘कागद फुटला तर’ एवढं म्हणून ती गप्प झाली. समोरचे शंभर जण पेन धरून थांबले. पुढचे शब्द कुठं गेले ते तिला कळेना. शेवटी कुणीतरी चहा आलाय म्हणालं.

एकोणिसाव्या दिवशी तिनं रजा टाकली आणि बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. पर्समध्ये सही नसलेलं उत्तर होतं. ते हातोहात द्यायचं, पोच घ्यायची, असं तिनं ललितला सांगितलं होतं. त्यानं पोस्टाचं काय झालं असं विचारलं नाही. बाहेर तुरीची शेतं होती, फुलांनी पिवळी झालेली, आणि कापूस अर्धा वेचलेला. मूर्तिजापूर आलं. इथंच रेल्वेच्या चाळीत ती वाढली. बाप शकुंतला या छोट्या गाडीच्या फाटकावर होता, दिवसातून दोनदा फाटक लावायचं आणि उरलेला वेळ तिच्याकडून पेपर वाचून घ्यायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण कागदाबद्दल त्याला फार आदर होता. तू सायबाच्या हाफिसात बसजो, म्हणायचा, अन् आलेला कागद वाचत जाजो, लोकायचे कागद कोनी वाचत नाई. छोट्या गाडीचे रूळ आता गवतात बुडाले होते. गाडी दोन मिनिटं थांबली, आणि खिडकीबाहेर त्या रुळांकडे बघता बघता तिच्या समोर आवकच्या टेबलावरचं एक पाकीट उघडलं. वहीचं फाडलेलं पान, गोल अक्षर, मागं वळलेल्या वेलांट्या. खाली नाव. रागिणी देवीदास चोपडे, इयत्ता दहावी.

नाव आठवलं नाही, असं म्हणता आलं नसतं. ते ती विसरली कधीच नव्हती. तेरा वर्षं ती त्याच्या आजूबाजूनं चालत आली होती, अंगणातल्या विहिरीच्या बाजूनं माणूस न बघता चालतो तशी. पत्र लिहिणारी मुलगी तीच होती जी तीन आठवड्यांनी गेली. जयवंतानं पत्र वाचलं होतं आणि वहीत स्वतःच्या हातानं ‘निनावी’ लिहिलं होतं. मुलगी गेल्यावर पेपरमध्ये नाव छापून आलं, तेव्हा ती कार्यालयातल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली होती. आणि पुढल्या वर्षी बापाच्या हातात द्यायचं पान चौदा तिच्या समोर आलं, तेव्हा खुशालराव तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. तक्रारदाराचं नाव झाकता ना तुमी, ते म्हणाले, नियम आहे ना, मंग झाका. तिनं झाकलं. दोनदा. समासात कलम लिहिलं आणि कारण लिहिलं, तक्रारदाराच्या जीवितास धोका. मुलगी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. गाडी हलली. समोरच्या बाईनं तिला पाणी हवं का विचारलं, तेव्हा तिला कळलं की ती तोंडानं श्वास घेत होती. पत्राची शेवटची ओळही तिला आठवत होती, पण तिकडे तिनं मन जाऊ दिलं नाही.

अकोल्याला उतरून ती आधी जुन्या कार्यालयात गेली. खरं तर काम काही नव्हतं. ओळखीचा शिपाई निवृत्त झाला होता, नव्या माणसानं अभिलेख कक्ष उघडून दिला. लोखंडी मांडण्या रिकाम्या होत्या. आता सगळं स्कॅन होतं मॅडम, तो म्हणाला. जिथं गठ्ठे होते तिथं मांडणीचा रंग ताजा होता आणि भोवती धूळ, त्यामुळं प्रत्येक गठ्ठ्याची जागा चौकोनी दिसत होती, माणूस उठून गेल्यावर गादीवर खळगा राहतो तशी. ती त्या चौकोनांसमोरून चालत गेली. तिसऱ्या मांडणीशी तिला वास आला, ओल्या रबराचा. तिनं त्या माणसाला विचारलं, कसला वास येतो. त्यानं नाक वर करून हुंगलं आणि म्हणाला, "कायचाच नाई." ती बाहेर आली. रिक्षावाल्याला डाबकी रोड सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, ते ऐकून तिला जरा धीर आला.

सुंदराबाईंचं घर म्हणजे एका चाळीच्या टोकाची खोली होती. दारात मेथीच्या आणि पालकाच्या जुड्या ओल्या पोत्यावर लावलेल्या. साठीच्या पुढची, काटक बाई, नऊवारी, कपाळ मोकळं. त्यांनी जयवंताला नीट पाहून घेतलं.

"तुमी ऑफिसातून आल्या," त्या म्हणाल्या. विचारलं नाही.

"हो. अमरावतीहून. मी खंडारे. तुमचा अर्ज माझ्याकडे आला."

"या. बसा. चा मांडतो."

खोलीत एक पलंग, एक कपाट, भिंतीवर नवऱ्याचा आणि मुलीचा फोटो. देवीदासला जाऊन सहा वर्षं झाली, त्यांनी स्टोव्ह पेटवता पेटवता सांगितलं. गावाकडचं वावर दिराकडे, मी इकडे भाजी विकतो, कोनाचं काई घेनं नाई. पलंगावर जुन्या वह्यांची चळत होती. वरची उघडी होती, मराठीची, दहावीची. प्रत्येक ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहिलेली होती, निळ्या पेनानं, त्याच गोल अक्षरात. जयवंतानं ती वही बघितली आणि नजर काढून घेतली.

"मले लिवता येत नव्हतं," सुंदराबाई म्हणाल्या. "तिच्या वह्या होत्या. रोज एक पान गिरवलं. चार वर्सं लागले. आता मले तिच्यासारखंच येते. दुसरं कोनतं अक्षर मले जमतच नाई."

मग त्यांनी गादीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून ते पान काढलं. ऑफिसनं दिलेलं मूळ पान. पट्टी अजून काळी होती, पण मधोमध ती झिजून करडी झाली होती, आणि करड्यात एक पांढरी बारीक रेघ होती.

"रोज बोट फिरवतो मी याच्यावरून," त्या म्हणाल्या. "हळूहळू निघून राहिलं. पाहा. वेलांटी दिसते."

असं होऊ शकत नाही, जयवंताला माहीत होतं. ही झेरॉक्सची झेरॉक्स. खाली कोरा कागद, वर नुसती पावडर. पावडर खरवडली तर खाली काहीही नसतं. तिनं पान खिडकीकडे धरलं. पांढरी रेघ अक्षराच्या डोक्यावरून निघून मागं वळली होती, लांब, पार मागं. तिनं पान पटकन खाली ठेवलं.

"हे पत्र जेनं लिवलं," सुंदराबाई म्हणाल्या, "त्याले सारं माहीत होतं. कोन्या पोरीचा बाप असन, नाई तं मास्तर असन. त्याले माह्या पोरीची काळजी होती. मले वाटे, एवढं लिवलं, मंग पुढं गप काहून बसला. लय वर्सं त्याले शिव्या देल्ल्या मी. मंग वाटलं, नाई, लिवलं तं त्यानंच. बाकी कोनीच नाई लिवलं. म्हून दर पोळ्याले त्याच्या नावानं एक ताट वाढतो. आता मले दम लागते. त्याचं नाव मालूम व्हावं, एकदा पाया पडून यावं, एवढंच आहे."

जयवंतानं पर्समधून उत्तर काढलं. ‘माहिती उपलब्ध नाही.’ ते देऊन उठता आलं असतं. पोचेसाठी दुसरी प्रतही होती. बाहेर कुणीतरी मेथीचा भाव विचारला आणि सुंदराबाईंनी आतूनच सांगितला. तेवढ्या वेळात जयवंतानं पेन उघडलं, टाइप केलेल्या ओळी आडव्या रेघेनं खोडल्या, आणि खालच्या मोकळ्या जागेत हातानं लिहिलं: पान क्रमांक चौदावरील पट्टीखालील नाव, रागिणी देवीदास चोपडे. खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख टाकली. बोलून सांगणं तिला जमलं नसतं. तिनं कागद पुढं केला.

सुंदराबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. रा. मग गि. मग त्या थांबल्या. बोट णीवर राहिलं. स्टोव्हवर चहा उतू गेला, त्याचा करपट वास खोलीत भरला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. जयवंताला वाटलं बाई ओरडतील, आणि त्या ओरडाव्यात असंही वाटलं.

"तिनं मले चपला मांगतल्या होत्या," सुंदराबाई म्हणाल्या. "रबराच्या. त्याच महिन्यात. काहून पाह्यजे ते नाई सांगतलं. म्या म्हनलं, पोळा होऊ दे."

त्यांनी उठून स्टोव्ह बंद केला. कागद ब्लाउजमध्ये ठेवला. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला नव्हता, फक्त डोळे जयवंतावर आले होते आणि तिथून हलत नव्हते.

"लिवलं तिनं," त्या म्हणाल्या. "मंग वाचलं कोनं?"

तीस वर्षांत हा प्रश्न कुठल्याच अर्जात आला नव्हता. चौकशीतही आला नव्हता. कुणी पाठवलं, कधी आलं, कुठं ठेवलं, सगळं विचारलं गेलं होतं.

"मी," जयवंता म्हणाली. "मी वाचलं. वहीत निनावी मीच लिवलं."

"नाव होतं ना खाली?"

"होतं."

"मंग निनावी काहून लिवलं?"

 उत्तर तिच्याकडे होतं, पण ते मुलीच्या शब्दांत होतं. सुंदराबाई थोड्या पुढं सरकल्या.

"काय लिवलं होतं तिनं? आठवते तुमाले?"

"आठवते."

"सांगा मंग."

जयवंतानं डोळे मिटले आणि पान समोर आलं, चौरेघी वहीचं, डाव्या कडेला फाटलेलं, त्यावर कुठंही काळं नव्हतं. ती वाचायला लागली. "साहेबांस नमस्कार. आमच्या होस्टेलमध्ये पाण्याच्या टाकीजवळ मोटार आहे. मोटारीला करंट उतरतो. माधवीला आणि मला लागला होता. रेक्टरबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या चप्पल घालून जात जा. सगळ्यांजवळ चप्पल नाही. ज्यांच्याजवळ आहे त्या दुसऱ्या मुलींना देतात. पण पाणी भरताना चप्पल ओली होते. तरी आपण एकदा येऊन पाहावे." तिचा आवाज तिलाच बारीक वाटत होता, कोवळा, शाळेत उभं राहून वाचावं तसा. सुंदराबाईंचे ओठ तिच्या मागोमाग हलत होते. शेवटची ओळ आली. जयवंता तिथं थांबली, आणि थांबल्यावर मागं वळायला जागा नव्हती. "माझे नाव कुणाला सांगू नये ही विनंती. रेक्टरबाई रागावतील."

म्हणून तिनं निनावी लिहिलं होतं. मुलीनं विनंती केली होती आणि तिनं ती मानली होती, त्या दुपारी, टेबलावर, चांगलं काम केल्यासारखं वाटून. निनावी लिहिलं की कागदाचं काय होतं, हे तिला शिक्का मारतानाही माहीत होतं. आणि दुसऱ्यांदा मानली होती ती मुलगी गेल्यावर, जेव्हा विनंती करणारं कुणी उरलं नव्हतं.

 चाळीत कुठंतरी पाण्याची मोटार सुरू झाली आणि जयवंताच्या हातावर काटा आला. सुंदराबाईंना ती ऐकू आली की नाही कळलं नाही. त्या तिच्या अगदी जवळ सरकून बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या, आणि तिच्या तोंडाकडे कागदाकडे बघावं तसं बघत होत्या.

"थांबल्या काहून?" त्या म्हणाल्या. "त्याच्या खाली काय आहे?"

"नाव आहे."

"मंग वाचा."

"आपली विद्यार्थिनी," जयवंतानं म्हटलं, आणि मग तिनं ते नाव मोठ्यानं वाचलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, इयत्तेसकट, आणि सुंदराबाई म्हणाल्या, आता वरून परत.